फॉरमॅट करायचं नाही

जावईबुवांनी संगणकाचं बटण दाबून धरलं तेव्हा बाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येत होत्या. पडद्यावर एक पट्टी निम्म्यावर थांबलेली होती आणि तिच्याखाली स्वच्छ लिहिलं होतं, काम पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नका. बाईंनी ते दारातूनच वाचलं. तोंड उघडेपर्यंत पडदा काळा झाला.

जावईबुवा म्हणाले, अडकलं होतं. जुना अँटिव्हायरस होता, मुदत संपलेला, नुसता मशीन खात बसला होता. तो काढत होतो.

त्यांनी पुन्हा चालू केला. निळा पडदा आला, काहीतरी बिघडल्याचं सांगून गेला, संगणक आपणहून बंद पडला, आपणहून सुरू झाला आणि पुन्हा निळा पडदा. असं तीन-चारदा झाल्यावर जावईबुवांनी खुर्ची मागे सारली. "आई, फॉरमॅट मारून टाकू. सगळं साफ. संध्याकाळपर्यंत नवाकोरा."

"त्यात माझी पुस्तकं आहेत."

"पुस्तकं काय, नेटवर ढिगानं मिळतात."

जावयाला उलटून बोलायची बाईंना सवय नव्हती. पण फॉरमॅट करायचं नाही, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. जावईबुवांना ते लागलं. चहा न घेताच गेले.

बाईंनी उभी हयात छापखान्यात काढली होती. मुद्रितशोधकासमोर बसून मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि त्यानं तो छापील कागदाशी ताडून बघायचा, हे त्यांचं काम. विरामचिन्हांसकट वाचायचं. छापखान्यात त्यांचं नावच स्वल्पविरामबाई पडलं होतं. निवृत्त झाल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही आणि वाचायचा घसा तर तयार होता. मग त्या अंधांसाठी पुस्तकं वाचून संगणकावर ध्वनिमुद्रित करायला लागल्या. सध्या कायद्याचं एक जाडजूड पुस्तक चाललं होतं. ते इस्पितळात टेलिफोनवर बसणाऱ्या एका बाईंसाठी. जन्मापासून दृष्टी नाही, नोकरी सांभाळून वकिलीची परीक्षा द्यायला निघालेल्या. बाई त्यांना आधीपासूनच वकिलीणबाई म्हणत. परीक्षा तोंडावर आली होती. पुस्तक पूर्ण वाचून, पुन्हा ऐकून, चुका दुरुस्त करूनच हातावेगळं करायचं हा बाईंचा हट्ट. त्यामुळे सगळी प्रकरणं अजून त्या संगणकाच्या डब्यातच होती.

रात्री मुलीचा फोन आला. ते बिचारे रविवार घालवून तुझ्याकडे आले आणि तू त्यांना तोंडावर नाही म्हणालीस, असं तिचं म्हणणं. बाईंनी पुस्तकांचं सांगून पाहिलं.

"अगं, तुझा टाइमपासच तर आहे तो," मुलगी म्हणाली. "परत वाचशील."

बाईंनी फोन ठेवला. टाइमपास. अख्खा पावसाळा खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत बसून वाचलेलं. शेजारच्यांचा कुत्रा भुंकला की ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून. घशाला त्रास नको म्हणून चार माणसांत बोलणंसुद्धा कमी केलेलं. त्याला टाइमपास म्हणायचं, आणि दुसऱ्याच्या घरी येऊन, न विचारता, पडद्यावरची सूचनासुद्धा न वाचता बटण दाबायचं, त्याला मदत.

सकाळी त्या कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो दुसऱ्याच एका मशीनमध्ये डोकं खुपसून बसला होता. मान वर न करता त्यानं ऐकलं आणि विचारलं, घरात कोणी जाणकार आहे का, त्यांच्याशी बोलतो. "मीच आहे," बाई म्हणाल्या. तो हसला आणि म्हणाला, आणून टाका, फॉरमॅट करून देतो, आत काही महत्त्वाचं नसेलच ना. बाई पायरी उतरून चालू लागल्या. राग इतका होता की घराची गल्ली मागे पडली तरी कळलं नाही.

शेवटी वकिलीणबाईंना सांगणं भागच होतं. बाईंनी फोन लावला आणि पुस्तक वेळेत पोचेल असं वाटत नाही म्हणून माफी मागितली. वकिलीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या संगणकाचं गेल्या वर्षी अगदी असंच झालं होतं. तो कसा उठवला ते त्यांना पक्कं आठवत होतं. "तुम्ही फक्त पडद्यावरचं मला वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं. गाळू नका."

बाई खुर्ची ओढून बसल्या. फोन कानाशी धरून वाचू लागल्या. दुरुस्तीचे पर्याय, पूर्णविराम. प्रगत पर्याय. एकेक ओळ खाली उतरत, विचारत, सांगतील तेव्हाच बटण दाबत. संगणक पूर्वीच्या स्थितीत नेऊन ठेवायचा पर्याय सापडला. तारखांमध्ये कालची तारीख होती, जावईबुवांनी अँटिव्हायरसला हात लावण्याआधीची. संगणकानं तेव्हाची स्थिती स्वतःहून राखून ठेवली होती. यानं तुमच्या फायलींना धक्का लागणार नाही, वकिलीणबाईंनी समजावलं. फक्त आता कितीही वेळ लागू दे, मध्ये काही दाबायचं नाही.

बाई हाताची घडी घालून बसल्या. गोल गोल फिरणारे ठिपके बघत राहिल्या. दारावर कोणी आलं तरी उठल्या नाहीत.

संगणक उठला. प्रकरणं ओळीनं जागेवर होती. फक्त काल सकाळी वाचलेलं, अजून न साठवलेलं प्रकरण गेलं होतं. वकिलीणबाईंच्या सांगण्यावरून बाईंनी मग तो जुना अँटिव्हायरस, संगणक जेमतेम गरजेपुरता चालवणाऱ्या सेफ मोडमध्ये जाऊन, रीतसर काढून टाकला. काढणं चूक नव्हतंच, वकिलीणबाई म्हणाल्या. अर्ध्यात तोडणं चूक. बाईंना ते पटलं, पण त्यामुळे राग काही उतरला नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आणि जावईबुवा आले. पडदा उजळलेला पाहून जावईबुवा खूश झाले. झाला ना चालू, म्हणाले, जणू त्यांच्याच हातगुणानं. मग खुर्चीत टेकत माउसकडे हात नेला. अजून बराच कचरा असणार, जाता जाता काढून देतो.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. तरी मुलगी आतून बाहेर आली. "आई, अगं..."

"काय बघायचं असेल ते मला विचारा. मी दाखवीन." बाई खुर्चीशी जाऊन उभ्या राहिल्या. "आणि आता उठा. माझं एक प्रकरण गेलंय. ते आज परत वाचायचंय."

जावईबुवा उठले. बायकोकडे बघितलं, तिनं मान खाली घातली. बाईंनी खिडकी लावली, पंखा बंद केला, कानाला हेडफोन चढवला. पुस्तक उघडून खूण केलेल्या पानावर बोट ठेवलं आणि घसा साफ केला.

त्या वाचू लागल्या. पहिल्याच परिच्छेदात जावईबुवांच्या खिशातला फोन वाजला. बाई थांबल्या. मागे वळून बघितलं नाही. फोन बंद होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या आणि मग ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

जावईबुवांनी पायातले बूट काढून हातात घेतले आणि भिंतीला धरून, चवड्यांवर चालत ते बाहेरच्या खोलीत गेले.