चौथं कार्ड

मालकांनी बोटांवरचं ओलं प्लास्टर एप्रनला पुसलं आणि बँकेच्या मुलीच्या हातून चौथा फॉर्म घेतला. तीन भरून झाले होते. एक स्वतःचा, एक बायकोचा, एक मामांचा. मामा म्हणजे वीस वर्षं त्यांच्याकडे दात घडवणारे कारागीर. ते मान खाली घालून एका कवळीच्या हिरड्यांना मेणाचा हात देत होते आणि कान मात्र इकडेच लावून होते.

“चौथं कार्ड घेतलंत तर दहा हजार पॉइंट जास्तीचे,” मुलगी म्हणाली. “ऑफर या महिन्यापुरतीच. पण माणूस तुमच्याकडे कामाला असला पाहिजे हं.”

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांकडून आलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने आकडा. जबडे शंभराच्या वर. माणसं मोजून तीन.

“आहे एक,” मालक म्हणाले. “बाहेरची कामं बघतो.”

मामांचा हात थांबला. “कोण हो?”

“तुम्ही मेणाकडे बघा, मामा.”

फॉर्मवर नाव हवं होतं आणि जन्मतारीख. थाप मारायलाही भांडवल घरूनच आणावं लागतं. मालकांनी लहानपणी आजी ज्या नावाने हाक मारायची ते नाव लिहिलं, त्यापुढे आईचं माहेरचं आडनाव जोडलं, आणि जन्मतारीख आपलीच टाकली, फक्त एक दिवस पुढची. सही डाव्या हाताने केली. मुलीने फॉर्म पिशवीत सरकवला, जबड्यांकडे बघून जरा अंग चोरलं, आणि गेली.

हा सगळा खटाटोप विमानाच्या दोन तिकिटांसाठी होता. लेक सात वर्षांपूर्वी समुद्रापार गेली ती तिकडचीच झाली. आता तिला पहिलं मूल होणार होतं, आणि बायकोने एकच हट्ट धरला होता. बाळ यायच्या आत आपण दोघं तिथे पाहिजे. मालक हो म्हणाले होते. तसे ते कुणालाच नाही म्हणत नसत. ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत. तिकिटं विकत घेण्याइतके पैसे गाठीला होते. पण धंद्याच्या कार्डावर खर्च केला की पॉइंट जमतात आणि पॉइंटांवर विमानात फुकट बसता येतं, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून तिकिटाला रोख मोजणं त्यांना शुद्ध बावळटपणा वाटू लागलं. मेण, प्लास्टर, वीज, भट्टीची दुरुस्ती, सगळं कार्डावर. शेजारचा चष्मेवाला फ्रिज घ्यायला निघाला की हे सोबत जाऊन आपलं कार्ड पुढे करणार आणि त्याच्याकडून नोटा घेणार. मेहुण्याच्या साठीला हॉटेलातल्या बिलावर यांनी झडप घातली तेव्हा सगळे गहिवरले. दुसऱ्या दिवशी दारोदार वसुलीला आले तेव्हा सगळे सावरले. विमान कंपनीही पोचलेली. यांचे पॉइंट दोन तिकिटांपाशी आले, की तिकिटं आणखी चार पायऱ्या वर सरकत. सात वर्षं हा जिना चढणं चालू होतं.

चौथं कार्ड आलं ते मालकांनी पाकीट न फोडताच खणात टाकलं आणि खणाला कुलूप लावलं.

महिन्याने मामा म्हणाले, “मालक, सुधारलात हो! प्लास्टर संपायच्या आधी पोतं दारात. वीस वर्षांत पहिल्यांदा.”

मालकांनी पोतं मागवलं नव्हतं. त्यांनी हिशोबाचा कागद काढला. प्लास्टर, एक पोतं. खाली कार्डाचे शेवटचे चार आकडे. चौथ्याचे. कुलूप उघडून पाहिलं तर पाकीट तसंच होतं, चिकटवलेलं, वर धुळीचा पातळ थर. त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. मग पोत्याची किंमत पाहिली. ती ते स्वतः देत त्याहून कमी होती. शिवाय पॉइंट जमा झाले होते. आठ्या उतरल्या.

पुढच्या आठवड्यात मामांसाठी पाठ टेकायची खुर्ची आली. ही खुर्ची मामा तीन वर्षं मागत होते. ते तिच्यात बसले आणि मागे रेलले. मग रुमालाने नाक पुसून म्हणाले, “मला वाटलं होतं, तुमच्या लक्षातही नसेल.”

“असं कसं,” मालक म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग लोकरीचा कोट. बायको तो अंगात घालून आरशासमोर उभी होती, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघत.

“अहो, माप कसं ओळखलंत?”

“अंदाजाने.”

“आणि रंग? मला हा रंग आवडतो हे कधी सांगितलं मी?”

मालकांना तिचा आवडता रंग ठाऊक नव्हता. ते दाराच्या बिजागरीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कोटाच्या दुकानात गेले. कुणीतरी लबाड यामागे आहे, त्याचा छडा लावायचा होता. गल्ल्यावरचा माणूस त्यांना बघताच उठला.

“या साहेब! काय झालं, बटण तुटलं का? की बाईंना घट्ट झाला?”

“मी इथे कधी आलो होतो?”

दुकानदार हसला. “थट्टा करता काय? तासभर बसला होतात. चार कोट उलगडायला लावलेत. म्हणालात, आमच्या हिला खिसे खोल लागतात, ती हात खिशात घालून चालते.” त्याने पावतीची नक्कल काढली. खाली सही होती, डाव्या हाताने केल्यासारखी, तिरपी.

मालक घरी चालत आले. रस्ताभर ते बायको चालते कशी हे आठवायचा प्रयत्न करत होते. आठवेना.

सोमवारी दुपारी जेवताना बायको म्हणाली, “लेक सांगत होती, बाबा हल्ली दर रविवारी फोन करतात म्हणे. पाऊण पाऊण तास! तिला तर आधी भीतीच वाटली, तब्येत बरी नाही की काय तुमची. मला काही बोलला नाहीत ते?”

मालकांनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, कार्यशाळेत गेले आणि उभ्या उभ्या बँकेच्या मुलीला फोन लावला.

“चौथं कार्ड बंद करायचंय.”

“करू की. पण वर्षाच्या आत बंद केलंत तर जास्तीचे दहा हजार परत जातात. आणि त्या कार्डावरच्या खरेदीचे पॉइंटही.” कीबोर्डचा टकटक आवाज आला. “अहो, तुम्हाला दोन तिकिटांना साडेतीन हजारच कमी आहेत! आता बंद करताय?”

फळीवरचे जबडे आ वासून होते. मालकांनी मनात आकडेमोड केली. लेकीला दिवस भरायला सहा आठवडे. सात वर्षांचा जिना, आणि एकच पायरी.

“राहू दे,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात बघू.”

साडेतीन हजार भरायला बारा दिवस लागले. कुणी खर्च केला ते मालकांनी तपासलं नाही. तेराव्या दिवशी सकाळी चहा बाजूला ठेवून ते संगणकासमोर बसले, बोटं मोडली, आणि पॉइंटांचं खातं उघडलं. शिल्लक जेमतेम तीन आकडी होती. खाली एक ओळ होती: दोन आसनं, शेजारशेजारची. पहिलं नाव बायकोचं. दुसरं चौथ्या कार्डावरचं.

बायको दारात उभी होती. डोळे ओले.

“मला आलं तिकीट, मोबाईलवर. तारीख बघितली आणि रडूच आलं हो. बाळाच्या आधी दहा दिवस! मला वाटलं होतं, तुम्ही गर्दी ओसरल्यावरची काढाल, तेव्हा पॉइंट कमी लागतात म्हणून.”

मालकांनी खरंच तसंच ठरवलं होतं. बाळ तेव्हा दोन महिन्यांचं झालं असतं.

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तारीख माझी नाही, कोट माझा नाही, खुर्ची नाही, रविवार नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागले. “बॅग भरायला घे,” म्हणाले.

विमानतळावर ते चार तास आधी पोचले. बायकोला खुर्चीवर बसवून, बॅगा तिच्या पायाशी लावून मालक एकटे तिकीट-खिडकीच्या लांब रांगेत उभे राहिले. बेत साधा होता. नाव चुकलंय, दुरुस्त करा, लागेल तो दंड घ्या. खिशात नोटांचं पुडकं होतं. इतकी रोख रक्कम त्यांनी कित्येक वर्षांत बाळगली नव्हती.

“यातलं दुसरं नाव बदलायचंय. चुकून पडलंय ते. प्रवास मी करणार आहे.”

खिडकीतल्या बाईने पडद्यावर बघितलं. “पण या प्रवाशाची नोंद झाली की. पाचच मिनिटांपूर्वी, शेजारच्या खिडकीवर.”

“शक्य नाही. असा माणूसच नाही.”

“नाही कसा? मी बघितलं ना. बॅगा त्यांनीच उचलून पट्ट्यावर ठेवल्या. फार चांगलं बोलले हो.” तिने मालकांचा चेहरा पुन्हा एकदा निरखला. “तुम्ही भाऊ का त्यांचे?”

मालक वळले. खुर्ची रिकामी होती. बॅगा नव्हत्या.

काचेपलीकडच्या रांगेत त्यांना तो कोट दिसला. बायको हात खिशात घालून चालली होती, खांदे किंचित वर उचलून, एखाद्या शाळकरी मुलीसारखी. तिच्या शेजारी एक पाठमोरा माणूस. न्हावी मागून आरसा धरतो तेव्हा क्षणभर दिसतं, तेवढंच मालकांना ते डोकं माहीत होतं. टाळूवर विरळ, उजव्या कानामागे भोवरा. बायको काहीतरी म्हणाली. तो तिच्याकडे झुकला आणि ऐकत राहिला, तिचं बोलणं संपेपर्यंत.

मालकांनी काचेवर हात आपटला. एकदा, दोनदा. बायकोने मागे वळून पाहिलं. थेट त्यांच्याकडेच. मग ओळखीचा दुकानदार रस्त्यात भेटल्यावर करतात तशी तिने मान हलवली आणि पुढे गेली. तो माणूस वळला नाही.

“तिकीट नसेल तर मागे व्हा, काका,” पहारेकरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालक नेहमीच्या वेळी कार्यशाळेत आले. मामा आधीच खुर्चीत होते.

“मालक पोचले असतील ना एव्हाना?” मामांनी मान वर न करता विचारलं. “तो खालचा जबडा दे रे इकडे.”

मालकांनी जबडा दिला. मामांनी तो उजेडात धरून पाहिला आणि एक मेणाची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली. मालक बसले. मेणाला हात लावून त्यांना पंधरा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी तीन हिरड्या वाकड्या झाल्या आणि मामांनी तिन्ही खरवडायला लावल्या. दोन आठवड्यांनी एक सरळ आली. मामा म्हणाले, “जमेल तुला.” मालकांना हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून घाम फुटला.

त्या दुपारी मामा कवळ्या पोचवायला गेले, तेव्हा मालकांनी बायकोच्या वहीतून लेकीचा नंबर शोधून काढला. त्यांना तो पाठ नव्हता. बराच वेळ घंटी वाजली.

“हॅलो? कोण?” लेक. मागे बायकोचा आवाज, हसून हसून ठसका लागलेला.

“मी,” मालक म्हणाले.

“जरा मोठ्याने बोला ना. बाबा हवेत का? ते बाळाला घेऊन येरझारा घालतायत. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे झोपतच नाही ते, काल संध्याकाळपासून खाली ठेवू देत नाही.” मग किंचित थांबून, “कोण बोलतंय म्हणून सांगू?”

मालकांनी तोंड उघडलं. तिकडे बायकोचा ठसका थांबला, आणि ती पुन्हा हसायला लागली.

“दुकानातून बोलतोय,” ते म्हणाले. “मी त्यांच्याकडे कामाला आहे.”

“अय्या, काही अडलंय का?”

“नाही, नाही. इथलं सगळं नीट आहे. सहज केला होता.”

“थांबा, आलेच बाबा. देते.”

पावलं जवळ आली. रिसीव्हरला काहीतरी मऊ घासलं, आणि मालकांना एक बारीक, ओला श्वास ऐकू आला. इवल्याशा नाकातून येणारा. त्यामागे एक मोठा श्वास. मालक खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, ते त्यांना नंतर कळलं.

“कसं आहे?” शेवटी त्यांनीच विचारलं.

तिकडचा माणूस हळू बोलला, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने. आवाज मालकांचाच होता, फक्त कमी दमलेला.

“छान आहे,” तो म्हणाला. “नाक आपल्यावर गेलंय.”