एकसष्ट नंबरचा बैल

विद्यापीठाच्या हस्तलिखित संग्रहात मोजणीत कमी भरलेल्या पानांसाठी तीन रकाने होते. फाटलेली, हरवलेली आणि वाळवीनं खाल्लेली. जास्त भरलेल्या पानांसाठी रकाना नव्हता. इथल्या परिचराला, त्रिंबकला, तेवीस वर्षांत तो कधी लागलाही नव्हता, कारण कागद आपणहून वाढत नाही. एकसष्ट नंबरचा मात्र वाढत होता.

संग्रह म्हणजे तीन लोखंडी कपाटं. जालना जिल्ह्यातल्या कॉलेजांतल्या पोरापोरींनी हातानं लिहिलेली नाटकं, कविता, कादंबऱ्या त्यात डांबरगोळ्यांच्या वासात पडून होत्या. लिहिणारे पुढं तलाठी झाले, बियाण्यांचे दुकानदार झाले. एखादा येऊन आपलं जुनं लिखाण चाळायचा आणि कुणी पाहिलं तर नाही ना, असं बघत परत ठेवायचा. त्रिंबक पाहायचा.

केदारखेड्याच्या गोपिकाबाई मात्र दर आठवडी बाजाराच्या दिवशी इथं यायच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा त्यांची कादंबरी चौसष्टाव्या पानावर थांबली होती, तीही वाक्याच्या मधोमध. पन्नाशीला त्यांनी येऊन ते वाक्य पुरं केलं आणि मग थांबल्याच नाहीत. घरी लिहायला कुणाची बंदी नव्हती. पण घरी कागद हातात घेतला की सून किराणा सांगायला लागे आणि नवरा खतांची नावं. हस्तलिखित खोलीबाहेर न्यायचं नाही, हा इथला नियम बाईंना फार आवडला होता. भाजीची पिशवी टेबलाखाली सरकवून त्या दोन तास पेन्सिलीनं लिहायच्या, कारण शाईला मनाई. आठवड्यातल्या त्या दोन तासांत त्यांना कुणी काही मागत नव्हतं.

त्रिंबक मागायचा नाही, पण वाचायचा. वाचायचा म्हणजे तपासायचा.

"बाई," तो एकदा म्हणाला होता, "चाळीसाव्या पानावर तुम्ही चांद्या विकला. एकशे बाराव्यावर तोच औताला जुंपून राह्यले. मधी खरेदी न्हाई."

दुसरा बैल असंल, म्हणाल्या बाई. कपाळावरचा चांद बराबर तोच आहे, असं त्रिंबकनं दाखवून दिल्यावर त्यांनी दोन बाजार त्याच्याशी बोलणं टाकलं. बैल विकला होता एकोणीस वर्षांच्या गोपिकेनं आणि जुंपला पन्नास वर्षांच्या. या दोघींची मधे गाठच पडलेली नाही, असं त्रिंबकचं मत झालं. ते त्यानं स्वतःपाशी ठेवलं.

विद्यापीठाच्या कचेरीतून पडताळणीला सुरेखा मॅडम आल्या तो नेमका बाजाराचा दिवस. बाई टेबलाशी होत्याच, मागची पानं सुधारत. एकसष्ट नंबरला मॅडम अडल्या. नोंदीत चौसष्ट पानं, हातात एकशे एकेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजली आणि चष्मा काढून त्रिंबककडं पाहिलं.

त्रिंबकनं नियमांची वही आधीच उघडून ठेवली होती. शेऱ्यात 'अपूर्ण' असेल तर मूळ लेखकाला भर घालता येते. हा नियम करणाऱ्याला कुणी खरंच येईल असं वाटलं नसावं. मॅडमनी तो दोनदा वाचला, मान हलवली आणि शेवटचं पान उलटलं. तिथं गेल्या बाजारी बाईंनी हौसेनं 'समाप्त' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

म्हणजे पूर्ण झालं, मॅडम म्हणाल्या. आता कापडात बांधून शिक्का मारायचा, मग ते लेखकालाही उघडता येणार नाही. नव्या नोंदी तर कपाटं भरल्यापासून बंदच होत्या. बोलण्यात काही आकस नव्हता. 'अपूर्ण' खोडायला त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

गोपिकाबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"मंग मी बसू कुठं?" त्यांनी विचारलं.

त्रिंबकनं घसा साफ केला. "मॅडम, हे पूर्ण कसं? बैलाचा मेळ लागत न्हाई."

त्यानं चाळीसावं पान काढून समोर ठेवलं, शेजारी एकशे बारावं. मॅडमचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं, शेतकऱ्याच्या घरचं, त्यांना बैल समजावून सांगावा लागला नाही. दोन्ही पानं वाचून त्यांनी बाईंना विचारलं, बैल तोच आहे का.

बाईंनी त्रिंबककडं पाहिलं.

"तोच हाय," त्या म्हणाल्या. "चूक माझीच."

हे ऐकायला त्रिंबकनं दोन बाजार वाट पाहिली होती. पण तो कपाटाची कडी न्याहाळत राहिला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. 'समाप्त' पेन्सिलीतलं होतं, त्यामुळं त्रिंबकच्या खोडरबरानं गेलं, दोन रेघांसकट. शेरा होता तसा राहिला. फक्त अहवालात काम कधी पुरं होणार त्याची तारीख टाकायची होती. एक बैल परत आणायला किती दिवस लागतील, मॅडमनी विचारलं.

बाईंनी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

"अंबडच्या बाजारात विकल्ता, मॅडम. तिथून चालत यायचाय."

मॅडमनी तारखेचा रकाना कोरा सोडला.