लाल अंगठा

आब्दोन फोरेरोने उभ्या आयुष्यात कुणाला "जरा सरकता का" असंसुद्धा म्हटलं नव्हतं. न्हाव्याने एकदा त्याचा कान कापला, तर कान मधे आल्याबद्दल यानेच न्हाव्याची माफी मागितली. बोगोता शहरात ज्याचा पाय तुडवला जातो तोच आधी "माफ करा हं" म्हणतो, हे खरं. पण आब्दोन पाय तुडवला जाण्याआधीच माफी मागून मोकळा व्हायचा. नोटरीच्या कचेरीत शिक्के मारण्यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी त्याच्याच नावाने आणलेल्या केकचा तुकडा काही त्याच्यापर्यंत पोचला नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "केक छान होता, असं सगळे म्हणत होते."

एर्सिलियाला असा नवरा परवडत होता. गरीब गायीसारख्या नवऱ्याचे तोटे तिने कधीच मांडून पाहिले होते. बेकरीवाला कालचा पाव गळ्यात मारतो, टॅक्सीवाला लांबून फिरवून आणतो, छत्री दुसराच कुणी घेऊन जातो आणि हा त्याच्यासाठी दार धरून उभा राहतो. फायद्याच्या बाजूला एकच गोष्ट होती, पण ती सगळ्या तोट्यांना पुरून उरत होती. हा माणूस रोज संध्याकाळी जिवंत घरी येत होता.

तिचा भाऊ कुस्तोदियो आला नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात बिअर पीत बसलेल्या एका अनोळखी माणसाला तो एवढंच म्हणाला होता, "भाऊ, गाणं जरा हळू लावता का?" त्या माणसाने गाणं हळू केलं, बाटली संपवली, शांतपणे घरी गेला आणि परत आला तो पिस्तूल घेऊन. दुकानात माणसं होती. एकानेही ब्र काढला नाही. तेव्हापासून एर्सिलियाचा नियम ठरला होता. रस्त्यावर कुणी काहीही करो, आपण दुसरीकडे बघायचं.

आणि मग महापालिकेने ती कार्डं वाटली.

त्या वर्षी शहराला शहाणं करायचं म्हणून नाना प्रकार चालले होते. चौकाचौकांत तोंडं पांढरी रंगवलेले नकलाकार उभे असायचे आणि सिग्नल मोडणाऱ्याची मुकाट्याने नक्कल करून त्याला लाजवायचे. कार्ड त्यातलंच. तळहाताएवढं, एका बाजूला वर केलेला पांढरा अंगठा, दुसऱ्या बाजूला खाली केलेला लाल. ज्याचं वागणं आवडलं त्याला पांढरा दाखवायचा, ज्याचं खटकलं त्याला लाल. तोंडाने काही बोलायचं नाही.

तोंडाने बोलायचं नाही, हे शेवटचं वाक्य जणू आब्दोनसाठीच लिहिलं होतं.

पहिला धक्का एर्सिलियाला बेकरीत बसला. फरचा कोट घातलेली एक बाई रांगेत सरळ त्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. एर्सिलिया सवयीप्रमाणे बिस्किटांच्या बरण्या बघू लागली. एवढ्यात शेजारी आब्दोनचा हात खिशातून निघाला, वर गेला आणि त्या बाईच्या नाकासमोर लाल अंगठा येऊन थांबला.

एर्सिलियाच्या हातून दुधाची पिशवी सुटता सुटता राहिली. बाईचं तोंड कार्डाइतकंच लाल झालं. "अगंबाई, माफ करा हं, लक्षातच आलं नाही," असं म्हणत ती पार शेवटी जाऊन उभी राहिली. आब्दोनने कार्ड उलटं केलं आणि तिला दुरूनच पांढरा अंगठा दाखवला.

"अहो, हे काय केलंत?" बाहेर पडल्यावर एर्सिलियाने विचारलं.

"काय केलं? मी कुठे बोललो काही?"

त्या दिवशी आब्दोन दाढी करताना गायला. एर्सिलिया कढईपाशी थिजून उभी. लग्न झाल्यापासून या माणसाचा गाण्याचा आवाज तिने ऐकलाच नव्हता. बरा होता, हे आणखी आश्चर्य.

मग रोज काहीतरी नवीन. भिंतीशी उभा राहून मोकळा होणारा एक गृहस्थ. आब्दोन त्याचं उरकेपर्यंत अदबीने थांबला आणि तो वळल्यावर त्याला लाल दाखवला. कुत्र्याची घाण फूटपाथवर सोडून जाणारी बाई, लाल. टॅक्सीवाला, लाल. चर्चच्या उतारावर आडवी गाडी लावणारे फादर बार्तोलो प्रवचन संपवून बाहेर आले, तर पायरीवर आब्दोन, हात उंच करून. एर्सिलियाने छातीवर क्रूस काढला, पण कुणासाठी ते तिलाच कळेना. शेजारची बेत्साबे तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम चौकशीला आली.

"काय गं एर्सिलिया, तुझ्या नवऱ्याने म्हणे फादरना नापास केलं?"

"गाडीला केलं. फादरना नाही."

"बाई गं! एवढी वर्षं हा माणूस लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जायचा. काय खायला घालतेस सध्या?"

एर्सिलिया हसली, पण तेवढ्यापुरतीच. शिव्या देणाऱ्याची तिला धास्ती नव्हती. आतापर्यंत भेटलेले सगळे लाजणारे निघाले, काही चिडणारे. एक दिवस गाणं हळू करून, बाटली संपवून घरी जाणारा भेटणार होता. तिने कार्ड पिठाच्या डब्यात लपवलं. आब्दोनने दुसरं काढलं. चौकात महापालिकेची एक पोरगी मागेल त्याला कार्ड देत होती. एर्सिलियाने विनवलं, ती रडली, कुस्तोदियोचं नाव घेतलं. आब्दोनने तिचे डोळे पुसले आणि म्हणाला, "कुस्तोदियो बोलला होता. मी बोलत नाही." तेव्हा तिने ठरवलं की हा जाईल तिथे आपण सोबत जायचं. जाऊन काय करायचं, ते ठरवलं नव्हतं.

ती वेळ आली एका गुरुवारी दुपारी. दवाखान्यातून परतताना दोघं एका छोट्या बसमध्ये चढली. बाहेर बारीक पाऊस, खिडक्या बंद, काचांवर वाफ. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाड मानेचा, चामड्याचं जाकीट घातलेला एक माणूस सिगरेट ओढत होता. त्याच्या मागे एक तरुण बाई मांडीवर तान्हं घेऊन बसली होती, आणि ते तान्हं खोकून खोकून निळं पडत होतं. बसमध्ये पंचवीस-तीस माणसं, आणि सगळ्यांना काचेवरच्या वाफेत एकाएकी फार काही दिसत होतं.

एर्सिलियाने आब्दोनचं कोपर घट्ट धरलं. "नाही," ती कुजबुजली. "अहो, याला नाही. मान बघा त्याची."

"मी कुठे काय बोलतोय," आब्दोन म्हणाला, आणि कोपर सोडवून घेऊन धडपडत पुढे गेला.

लाल अंगठा त्या माणसाच्या डोळ्यांपुढे आला. तो कार्डाकडे बघत राहिला. मग आब्दोनकडे. घाई कसलीच नव्हती.

"हे काय आहे, आजोबा?"

आब्दोनने कार्ड थोडं आणखी पुढे केलं.

"मी विचारतोय, हे काय आहे?"

आब्दोनने दुसऱ्या हाताने तान्ह्याकडे बोट दाखवलं. माणसाने सिगरेट ओठांत धरली आणि उजवा हात जाकिटाच्या आत घातला.

ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. तान्ह्याच्या आईने त्याचं डोकं पोटाशी दाबून धरलं. एर्सिलियाला ते दुकान दिसलं, ती बिअरची टेबलं, भावाला बघायला ती गेली तेव्हा अजून पुसायची राहिलेली फरशी. आणि आपण उठून उभ्या आहोत, आपलं तोंड उघडलं आहे, हे तिला नंतर कळलं.

"माफ करा हो साहेब! माफ करा! वेडे आहेत ते!"

माणसाने मान वळवली. हात आतच.

"डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या. दोन वर्षं झाली. कुणालाही दाखवतात हो, फ्रिजला दाखवतात, देव्हाऱ्यातल्या मूर्तीला दाखवतात. रात्री उठून आरशाला दाखवतात. मला ओळखत नाहीत, मी त्यांना बहीण वाटते. डॉक्टर म्हणाले, काढून घेऊ नका, काढून घेतलं की जेवत नाहीत. आज दवाखान्यातूनच आणतेय बघा. दया करा साहेब, त्यांना कळत नाही ते काय करतात."

एवढं सगळं एका दमात. शब्द एकामागून एक असे निघत होते की ऐकून तीच चकित झाली. फ्रिज कुठून आला? बहीण कुठून आली?

माणसाचा हात जाकिटातून बाहेर आला. रिकामा. आत काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही. त्याने सिगरेट बुटाखाली चिरडली, बाकावरून उठला आणि आब्दोनच्या खांद्याला धरून त्याला आपल्या जागी बसवलं.

"माझी आईपण अशीच होती शेवटी," तो जाड आवाजात म्हणाला. "चमचे वाटायची येणाऱ्याजाणाऱ्याला. बसा आजोबा, बसा." आणि खाली वाकून त्याने आब्दोनच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

बसमधल्या माना वर आल्या आणि सगळ्यांना एकदम कंठ फुटला.

"बिचारे! दिसतात किती चांगले."

"जेवतात का नीट?"

"सेन्योरा, त्यांना एकटं सोडू नका हं. माझा चुलता असाच निघून गेला, थेट मेदेयीन शहरात सापडला."

एका बाईने कागदात गुंडाळलेला चीजचा पाव आब्दोनच्या हातात दिला, आणि तो हातात देताना मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, "खा हं. गोड आहे."

एर्सिलिया सगळ्यांना उत्तरं देत होती. हो, जेवतात. नाही, मारत नाहीत. मागून तिला आब्दोनचं टक्कल दिसत होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, नोटरीच्या कचेरीत बसायचा तसा बसला होता. मग त्याचा हात हळूच वर आला. जाकीटवाल्याकडे वळून त्याने कार्ड उलटं केलं आणि पांढरा अंगठा दाखवला. सिगरेट विझवली म्हणून, जागा दिली म्हणून; वावगं काहीच नव्हतं त्यात. सगळी बस टाळ्या वाजवू लागली. "बघा, बघा, कसं दाखवतात! अगदी लहान मुलासारखं!"

एर्सिलियाला ते बघवेना. तिने घंटेची दोरी ओढली आणि त्याला घेऊन घराच्या खूप आधी उतरली.

पाऊस थांबला होता. बस गेली. दोघं फूटपाथवर उभी होती.

"किती सहज बोललीस," आब्दोन म्हणाला. "कधीपासून मनात होतं?"

"मनात नव्हतं हो! तोंडाला येईल ते बोलले. हात बघितला नाहीत त्याचा? मेला असतात! इथे रक्त सांडलं असतं आणि हे सगळे खिडकीतून बघत बसले असते."

"बहीण वाटते म्हणालीस."

"अहो, सुचलं ते..."

"आरशाला दाखवतो म्हणालीस." त्याने कार्ड हातात उलटंपालटं केलं. तिने डोळे मिटले. आता हा कार्ड फाडणार, परत पूर्वीचा होणार, जिन्याने जाणार, न्हाव्याची माफी मागणार, आणि जिवंत राहणार, असं तिला वाटलं. हेच तर आपल्याला हवं होतं, असंही तिने स्वतःला बजावलं.

"एर्सिलिया, फार चांगली युक्ती आहे."

तिने डोळे उघडले. आब्दोनचा चेहरा उजळला होता.

"बघ ना. त्याने सिगरेट विझवली की नाही? विझवली. तान्हं खोकायचं थांबलं. कुणी मेलं नाही. शहाण्या माणसाने दाखवलं असतं तर गोळी खाल्ली असती; वेड्याने दाखवलं तर बसायला जागा मिळाली, वर पाव मिळाला." त्याने पावाचा तुकडा तोडून तिच्यापुढे धरला. "मी दाखवत जाईन, तू बोलत जा. एवढंच. आज बोललीस तसंच. फक्त बहिणीचं काढून टाक."

एर्सिलियाने पावाचा तुकडा बाजूला सारला. "लाज नाही वाटत? सगळं गाव तुम्हाला वेडा म्हणेल!"

"एवढी वर्षं सगळे मला शहाणा म्हणत होते. केक कुणी दिला होता?"

"आणि मी? मी वेड्याची बायको?"

"तू जिवंत माणसाची बायको," आब्दोन म्हणाला. "तुला तेच हवं होतं ना?"

एवढं नेमकं त्याने तिला कधी पकडलं नव्हतं. दोघं चौकापर्यंत चालत आली. सिग्नल लाल झाला आणि एक काळी मोठी गाडी पांढऱ्या पट्ट्यांवर, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी ओलांडायच्या जागेवर, नाक पुढे काढून येऊन थांबली. काळ्या काचा. आत कोण ते दिसत नव्हतं.

आब्दोनचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो तिला विचारत होता.

एर्सिलियाने काळ्या काचेकडे पाहिलं. काठी टेकत गाडीला वळसा घालून वाहनांच्या मधून निघालेल्या एका म्हातारीकडे पाहिलं. मग तिने दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, आणि दुसरीकडे काहीच सापडेना.

"दाखवा," ती म्हणाली. आपण हे म्हणालो याचा तिलाच धक्का बसला, पण तोंड मात्र थांबेना, आब्दोनचा हात पुरता वर जायच्या आधीच ती काळ्या काचेवर टकटक करून सांगू लागली होती, "माफ करा हं साहेब, आमचे हे जरा..."