आत्याच्या चकचकीत किटलीची कबुली

मित्रांनो, मी विजेवर पाणी तापवणारी एक जुनी किटली. चोच थोडी दबलेली, दांडा एकदा बदललेला. माझ्यासारख्या वस्तू आपलं आयुष्य सांगायला बसल्या की आधी आपण किती उपयोगी पडलो ते सांगतात. मला ते तोंड वर करून सांगवत नाही. ज्या घराने मला लेकीसारखं घासलं-पुसलं, त्याच घरातल्या एका मुलीच्या हातांची मी दशा केली. आणि ती होत असताना मी स्वतःचं कौतुक ऐकत बसले होते.

कारखान्यात पत्रा दाबून माझं पोट घडवलं. तळाशी वेटोळी नळी बसवली. वीज आली की तीच तापते. नळी गंजू नये म्हणून तिच्यावर निकेलचा मुलामा दिला. निकेल म्हणजे चांदीसारखा चमकणारा एक धातू. मुलामा देणारा कारागीर मला उजेडात धरून म्हणाला, "बघा, कशी नवरीसारखी दिसतेय!" त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून होते.

दुकानातून मी दोन खोल्यांच्या एका घरात आले. घरात आत्या आणि तिची भाची, दोघीच. भाचीची आई लवकर गेली, तेव्हापासून आत्यानेच तिला वाढवलेलं. भाची बाइंडिंगखान्यात पुस्तकं शिवायची. तिने शिवलेली वही उघडली की सपाट पडते, पान उठत नाही, असं तिथल्या मालकीणबाई गिऱ्हाइकांना सांगायच्या.

आत्याला स्वच्छतेचं वेड. उकळत्या पाण्याचा पांढरा थर माझ्या नळीवर साचला की ती लिंबाच्या साली घेऊन बसायची आणि देवाची गाणी गुणगुणत तो थर खरवडून काढायची.

"आत्या, अजून घासलीस तर भोक पडेल तिला."

"पडू दे. पण डाग नको."

मी खूश. मला काय ठाऊक, तो पांढरा थर म्हणजे माझं पांघरूण होतं! तो निघाला की नळीवरचं निकेल पाण्यात थोडं थोडं उतरायचं, पाणी आंबट असलं तर जास्तच. दिसत नव्हतं, चव नव्हती.

मग भाचीच्या बोटांच्या कडांना बारीक, पाण्याने भरलेले फोड आले. फोड फुटले, भेगा पडल्या, खाज काही थांबेना. इसब. मलम लावलं की आठ दिवस बरं, पुन्हा तेच. ती बसमध्ये हात पिशवीखाली लपवून बसायची. सुट्टे पैसे देताना कोणी हात मागे घेतला, की घरी येऊन हात पुन्हा पुन्हा धुवायची.

आत्याने कुठूनसा उपाय ऐकला. निजण्यापूर्वी माझ्यात पाणी उकळायचं, त्यात लिंबू पिळायचं, झाकून ठेवायचं आणि सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर द्यायचं.

"पी गं, तोंड वाकडं करू नकोस. पोटातली घाण निघाली की कातडी आपसूक सुधारेल."

"सहा महिने पितेय, आत्या."

"मग अजून सहा महिने पी. रोग काय एका दिवसात आला होता?"

मित्रांनो, रोज सकाळी आत्या मला थोपटून म्हणायची, "हिच्यावरच माझा भरवसा आहे." मला वाटायचं, मी औषध देतेय.

दोष गेला खळीवर. बाइंडिंगखान्यातली चिकट खळ, तिनेच हात खराब होत असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. मालकीणबाईंनी हातमोजे आणून दिले, पण घामाने खाज दुप्पट झाली. शेवटी भाचीला काम थांबवावं लागलं. त्या दिवशी तिने शिवणाची सुई कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "वीस दिवसांत हात बरे झाले नाहीत, तर माझी जागा दुसरीला देणार आहेत."

दहा दिवस झाले. खळ नव्हती, तरी फोड होतेच. तेव्हा कुठे दोघी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी भाचीच्या पाठीवर, ज्या ज्या पदार्थांचा संशय त्यांच्या छोट्या छोट्या चिकटपट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या, तर खळीच्या पट्टीखाली काही नाही, आणि निकेलच्या पट्टीखाली लालभडक चट्टा. दोघींना समोर बसवून बाईंनी विचारलं, "लहानपणी कान चिघळायचे?"

"हो. स्वस्तातली डुलं घातली की."

"तसल्या डुलांत निकेल असतं, तिथूनच कातडीने त्याच्याशी वैर धरलंय. निकेल कणभर सगळ्यांच्याच अंगात असतं. येतं खाण्यापिण्यातून, जातं लघवीवाटे. तुमच्या पोटात जरा जास्त गेलं की हात पेटतात. सकाळी उठल्यावर पहिलं काय घेता?"

भाची काही बोलणार, तोच आत्याने सांगितलं. अभिमानाने सांगितलं, बिचारीने.

दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून तिथे नेलं. मला वाटलं, मिरवायला नेतायत. बाईंनी कापसाच्या बोळ्यावर, निकेल लागलं की गुलाबी होणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि तो माझ्या आतल्या नळीवर घासलं. पांढरा बोळा गुलाबी झाला. लोक लाजेने काळे पडतात, माझी लाज गुलाबी निघाली. आत्याने बोळ्याकडे पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"म्हणजे मीच देत होते," एवढंच ती बोलली.

माझं पाणी बंद झालं, साध्या पातेल्यात तापू लागलं. आठवड्याभराने नवे फोड यायचे थांबले. भेगा अजून होत्या. पण विसाव्या दिवशी मालकीणबाईंनी बोटं उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आधी अर्धा दिवस."

घरी मात्र आत्या भाचीच्या हातांकडे बघेना. मलमाची डबी टेबलावर ठेवून आत निघून जायची. रविवारी भाची तिच्यामागे स्वयंपाकघरात आली आणि दोन्ही हात पुढे केले.

"लाव."

"माझ्या हातून नको गं. माझ्या हाताने काय केलंय ते पाहिलंस ना."

"मग कोण लावणार? मला शेजारीण बोलवायची का? आणि हळू लाव, किटली घासल्यासारखं नको."

आत्या रडता रडता हसली. मग तिने एकेका बोटाला, एकेका भेगेला, देवाची मूर्ती पुसावी तसं मलम लावलं. मी वरच्या फळीवरून पाहत होते. माझ्या पोटावर आत्याच्या अक्षरातला कागद डकवला आहे: 'यातलं पाणी कोणी पिऊ नये.' मला भंगारातही दिलं नाही, दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊन मी हेच करीन म्हणून.

मित्रांनो, इसब झालेला हात दिसला तर आपला हात मागे घेऊ नका. ते लागत नाही. जुन्या मुलाम्याच्या भांड्यात आंबट पाणी रात्रभर ठेवू नका. आणि ज्या वस्तूचं घरात फार कौतुक चालतं, तिच्या पोटात एकदा वाकून बघा. माझ्या पोटात कोणी बघावं, असं मला कधी वाटलंच नाही. चुकलं ते तिथे.