दोनावरचं एक घर

नवव्या चिठ्ठीची घडी उलगडून थोरलीने आपल्या नावापुढचा आकडा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. दोन.

ती चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेली. कुणाचं अक्षर वाईट असतं, घाईत आकडा भलताच दिसतो. पण हा दोन पाटीवर गिरवल्यासारखा स्वच्छ होता. खाली मैदानात सराव चालला होता. चेंडू जमिनीवर आपटल्याचे आवाज सामानाच्या या खोलीपर्यंत येत होते, आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांना जुन्या रबराचा वास होता.

संघात बाराजणी. प्रत्येकीने बाकीच्या अकराजणींना एक ते दहामधला एक आकडा द्यायचा होता. प्रश्न एकच, दौऱ्यासाठी ही कितपत तयार आहे? चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. थोरली शाळेत गणित शिकवायची, म्हणून प्रशिक्षकांनी चिठ्ठ्यांचा डबा सरळ तिच्या हाती दिला होता.

"तू गणिताची बाई. प्रत्येकीची वारंवारता सारणी कर, स्तंभालेख काढ, संध्याकाळी फळ्यावर लावू. म्हणजे कुणी म्हणायला नको, सरांनी आपल्या मर्जीतल्या निवडल्या. सरासरी साडेसातच्या खाली गेली, ती घरी."

पोरींनी या नियमाचं त्याच दिवशी साडेसाती असं नाव ठेवलं होतं. हसण्यात थोरलीही होती. तिला हसायला काय जात होतं? तेरा वर्षं ती या संघात व्हॉलीबॉल खेळत होती, आणि तेरा वर्षांत संघ पहिल्यांदा देशाबाहेर निघाला होता. ती चौतिशीची झाली होती. पुढच्या दौऱ्यात ती फार तर निरोप द्यायला आली असती.

तोवर तिला साताखाली कुणी उतरवलं नव्हतं. रांगेत सात, आठ, आठ. आणि आता हा दोन.

चिठ्ठीवर नाव नसलं, तरी चिठ्ठी कुणाची ते कळत होतं. स्वतःला गुण द्यायचे नव्हते, म्हणून प्रत्येकीने आपल्या नावापुढे रेघ मारली होती. ही गंमत थोरलीच्या दुसऱ्याच चिठ्ठीला लक्षात आली होती. सरांच्या ध्यानात आली नव्हती आणि पोरींच्याही नाही. तिने तेव्हाच ठरवलं होतं की रेघेकडे बघायचं नाही, फक्त आकडे बघायचे. आठव्या चिठ्ठीपर्यंत तिने ते कसोशीने पाळलं.

नवव्या चिठ्ठीत तिने रेघ शोधली. ती चौथ्या नावापुढे होती. चौथं नाव तिच्या धाकट्या बहिणीचं.

तिला राग यायला थोडा वेळच लागला. उजव्या गुडघ्याचं दुखणं तिने आख्ख्या जगात एका माणसाला सांगितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, तोंडावर हात धरून. धाकटी रोज सकाळी पट्टी बांधून द्यायची. या खोलीच्या जिन्यावरून उतरताना एक पायरी पुढे राहायची, थोरली तिच्या खांद्यावर हात टाकायची, आणि बघणाऱ्यांना वाटायचं की या दोघींचं काय गुळपीठ आहे. "कुणापाशी ब्रसुद्धा काढणार नाही," असं धाकटीने शपथेवर सांगितलं होतं. तिला उडी मारायला थोरलीनेच शिकवलं होतं. तिची सर्व्हिस अजून कच्ची असताना तिच्यापुढे नऊही थोरलीनेच लिहिला होता. आपलं माणूस, म्हणून. आणि आपल्या माणसाने केसाने गळा कापला होता.

या आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्यांतला एकेक आकडा तिने त्या-त्या नावाच्या तक्त्यावर भराभर रेघ मारून चढवला आणि आपली बेरीज केली. तीन सात, सहा आठ, एक नऊ, हे धरून सरासरी सात पूर्णांक आठ दशांश. त्यात तो दोन मिळवला की सव्वासातच्या आसपास.

तिने धाकटीची चिठ्ठी चार घड्या करून ट्रॅकसूटच्या खिशात घातली आणि खोडरबर उचललं. चिठ्ठी गेली म्हणजे तिच्यातले बाकीचे आकडेही जायला हवेत, एवढी शिस्त तिच्या हाताला होती. एकेक तक्ता पुढे ओढून तिने एकेक उभी रेघ खोडली. जिथे पाचवी आडवी रेघ मारून जुडी बांधली होती, तिथे ती आडवी खोडली. मग स्वतःचा तक्ता घेतला आणि दोनापुढची एकुलती रेघ कागद खरवडेपर्यंत घासली. मग पट्टी घेऊन बारा स्तंभालेख काढले, एका रेघेला एक घर. टेबलावर खोडरबराचा चुरा पडला होता. तो झटकायचा राहिला.

प्रशिक्षक वर आले ते चष्मा पुसतच. सरासरीतलं त्यांना फारसं कळत नसे, पण मोजण्याचं त्यांना वेड होतं. गुणफलकावर विश्वास न ठेवता सामन्यातही ते बोटांवर गुण मोजत बसायचे. आताही त्यांनी पेनच्या टोपणाने स्तंभांची घरं मोजायला सुरुवात केली. पहिला आलेख, दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून निघाले.

"सगळ्यांची घरं दहा-दहा. धाकटीची एकटीची अकरा. असं कसं गं?"

थोरलीच्या कानशिलापाशी गरम झालं. बेरीज ताडून बघा, हे शाळेत तिने हजारदा सांगितलं असेल. अकरा तक्त्यांमधून तिने एकेक रेघ खोडली होती. धाकटीच्या तक्त्यात धाकटीची रेघ नव्हतीच, मग खोडणार काय?

"अच्छा," प्रशिक्षक स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांना एकेक आकडा कमी पडला आणि हिला पुरेपूर मिळाले. हिनेच चिठ्ठी टाकली नाही." त्यांनी खिडकीतून हाक मारली. "धाकटे, वर ये जरा."

थोरलीला तेव्हा बोलता आलं असतं. तिचा हात खिशावर होता.

धाकटी धापा टाकत आली. कपाळावरचा घाम बाहीने पुसत तिने दोघांकडे पाहिलं.

"चिठ्ठी का नाही टाकलीस?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"टाक..." ती म्हणाली आणि थांबली. तिची नजर टेबलावरच्या चुऱ्यावर गेली, तिथून पहिल्या, थोरलीच्या तक्त्यावरच्या खरवडलेल्या जागेवर, तिथून थोरलीच्या हातावर. हात अजून खिशावरच होता.

"राहिली, सर," ती म्हणाली. "विसरले."

"विसरले म्हणे. उद्या सामन्याला यायला विसरशील. संघातली सगळ्यात बेजबाबदार पोरगी तू. बहिणीकडून काहीतरी शीक." त्यांनी एक कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "आत्ता भर, इथे. तुझ्या ताईकडे दे. मी खाली आहे."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली.

"तू मला शब्द दिला होतास," थोरली म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"पाळला की. कुणाला सांगितलं का मी?"

"दोन लिहिलेस."

"तयार आहे का, असं विचारलं होतं. ताई, पट्टी मी बांधते रोज. ती सोडताना तू ओठ चावतेस. मी काय लिहायचं होतं?"

"सगळ्यांनी लिहिलं तेच."

"त्यांना माहीत नाही."

"आणि तुला माहीत आहे कारण मी तुला सांगितलं. म्हणून सांगितलं होतं का?"

धाकटी खुर्चीवर बसली. थोरली पेन्सिल पुढे करायला गेली, पण धाकटीने स्वतःच टेबलावरची दुसरी उचलली. एकेका नावापुढे आकडा लिहीत ती सावकाश खाली सरकली. थोरलीने नजर खिडकीबाहेर ठेवली होती. तिला दोन दिसला असता तर ती ओरडली असती, भांडली असती, घरी जाऊन आईला सगळं सांगितलं असतं. तिने तशी तयारी केली होती.

"घे," धाकटी म्हणाली. चिठ्ठी तिने घडी न घालता उघडीच ठेवली.

पहिल्या ओळीत थोरलीचं नाव होतं. त्यापुढे आठ लिहिला होता, तसाच स्वच्छ. चौथ्या ओळीत रेघ नव्हती. तिथेही धाकटीने एक आकडा लिहिला होता. दोन.

"स्वतःला द्यायचे नसतात," थोरली म्हणाली.

"माहीत आहे. खोड तू. तुला येतं."

धाकटी उठून दारात गेली. थोरलीने पट्टी ओढली. दहा आलेखांमध्ये दहा घरं वाढवली. मग स्वतःच्या आठावर सातवं घर चढवलं. घरं मोजली, अकरा भरली. सरासरी पावणेआठच्या थोडी वर गेली. ती दौऱ्याला जाणार होती. चौथ्या ओळीतल्या दोनावर तिने खोडरबर टेकवलं आणि पुन्हा उचललं. तो तिच्याने खोडवेना.

खाली सरांची शिट्टी वाजली. थोरली कागद गोळा करून उठली तेव्हा गुडघ्यातून कळ मांडीपर्यंत गेली.

धाकटी गेली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी, एक पायरी खाली, रोजच्यासारखी पाठमोरी उभी होती. डावा खांदा तिने जरासा उतरता धरला होता. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

थोरलीचा हात उचलला गेला, आणि खांद्यापासून वितभर अंतरावर थांबला. मग तिने कठडा धरला. पहिल्या पायरीला तिने ओठ चावला. पुढे धाकटीही एक पायरी उतरली, आणि थांबली.