चष्मेवाल्याची पाचवी

माझे पुढचे दोन दात शहाण्णव साली पडले. पडले म्हणजे पाडले. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत मी गावपुढारी दादासोच्या विरोधी पॅनेलचा प्रचार करत होतो. त्याच्या माणसांनी मला पारापाशी गाठलं आणि नेमकं तोंडावरच मारलं. मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो हे त्यांना चांगलं माहीत होतं, कारण त्यांच्याही लग्नांत मीच वाजवलं होतं.

ट्रम्पेट वाजतं ते दातांच्या जिवावर. ओठांना मागून दातांचा आधार असला तरच सूर धरता येतो. बारामतीच्या डॉक्टरनं खोटे दात बसवून दिले, जेवायला ठीक होते, पण ट्रम्पेट तोंडाला लावलं की हलायचे आणि नुसती हवा सुटायची. "आता नगा लावू त्वांडाला," माझी बायको सिंधू म्हणाली, "बघवत न्हाय." मी ट्रम्पेट पिशवीत घातलं आणि फारुक मास्तरला परत देऊन आलो.

फारुक मास्तर आमच्या बँडचा मालक. कळंबला रस्त्याकडेला त्याचं पत्र्याचं शेड होतं, तिथं तालीम चालायची. पार वडगाव निंबाळकरपर्यंतच्या लग्नांच्या सुपाऱ्या आम्हाला असायच्या. मास्तर स्वतः क्लॅरोनेट वाजवायचा. माणूस मऊ, इतका मऊ की मला त्याचा कधी कधी संताप यायचा. त्यानं मला काढलं नाही. "वाजवू नगंस, पर येत जा," एवढंच म्हणाला. मीही जात राहिलो. घरी बसून सिंधूच्या डोळ्यांत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

त्याच उन्हाळ्यात शेडमध्ये ते खोकं आलं. जवळच्या कारखान्याच्या कॉलनीतले एक साहेब तरुणपणी मशिनरी शिकायला रशियाला जाऊन आले होते. निवृत्त होऊन पुण्याला निघताना त्यांनी आपल्या रेकॉर्डी आणि त्या वाजवायचं यंत्र मास्तरला देऊन टाकलं. सगळ्या रेकॉर्डी एकाच माणसाच्या, दिमित्री शोस्ताकोविच नावाच्या. साहेबांनी नाव दोनदा म्हणून दाखवलं, पण माझ्या तोंडात आता साधी नावंही नीट बसत नव्हती. पाकिटावर जाड चष्म्याचा, भेदरलेल्या चेहऱ्याचा माणूस होता. आमच्यासाठी तो चष्मेवाला झाला. बाकी सगळी रशियन अक्षरं. वाचता यायचे ते फक्त आकडे, पाच, सात, आठ, दहा. त्याच्या सिंफन्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या लांबलचक रचना, आम्ही त्या आकड्यांनीच ओळखायला लागलो.

दुपारी तालीम सुटली की मी आणि मास्तर ऐकत बसायचो. सुरुवातीला मी कंटाळलो. गाणं म्हणून धरावं असं हाताला काही लागायचं नाही. मग एके दिवशी सातवी लागली. तिच्यात एक साधी, हलकीफुलकी चाल येते, वरातीत वाजवावी अशी. खाली ड्रमचा एकच ठेका. तीच चाल पुन्हा पुन्हा, दर वेळी थोड्या मोठ्यानं, आणि होता होता ती इतकी भयंकर होते की ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटतं. वेढ्यात अडकलेल्या, उपाशी शहरात लोकांनी ही वाजवली होती, असं साहेबांनी मास्तरला सांगितलं होतं. मला ती ओळखीची वाटली. पारापाशी ती माणसं आली तेव्हा तीही आधी हसतच आली होती.

आठवीत यंत्र चालल्यासारखं काहीतरी धडधडत राहतं. दहावीत एक छोटा तुकडा आहे, नुसता अंगावर धावून येणारा. तो स्टॅलिनचा चेहरा आहे असं काही जण म्हणतात, काही म्हणतात तसं काही नाही. मला तो दादासोचा वाटला. मी तसं बोललो तर मास्तरनं आधी दाराकडं बघितलं.

मास्तर मात्र अडकला तो पाचवीत. आणि ती आमच्या पाचवीलाच पुजलेली निघाली. साहेबांनी सांगितलेली तिची हकिगत अशी, की चष्मेवाल्याचं एक गाण्यांचं नाटक स्टॅलिनला रुचलं नाही. पेपरात त्याला झोडपून काढलं, आणि त्या काळी पेपरात असं छापून आलं की माणूस घरातून कधी उचलला जाईल याचा नेम नसायचा. अशा भीतीत त्यानं पाचवी लिहिली. तिचा शेवट मोठ्या जल्लोषाचा. सरकार खूश झालं, माणूस वाचला. "पर बिरू, नीट आयक," मास्तर म्हणायचा. शेवटी पितळी वाद्यं गर्जत असतात, मोठा ढोल दणके देत असतो, आणि बाकीचे एकच सूर ठोकत राहतात, ठोकत राहतात. खुशीत कुणी असं ठोकत नाही. मानगूट धरून नाचवलेल्या माणसाची ती खुशी होती.

रेकॉर्डीच्या त्याच बाजूला, शेवटाच्या आधी, तिसरा तुकडा होता. तो लागला की मी वैतागायचो. नुसती व्हायोलिनं, बासऱ्या, संथ, पार खोल गेलेली.

"मास्तर, यात आपलं कुनीच न्हाय. ट्रम्पेट न्हाय, हॉर्न न्हाय."

"व्हय. पितळ समदं गप बसवलंय त्यानं. साहेब सांगत हुते, ह्यो तुकडा वाजला तवा ऐकनारी मान्सं रडली हुती."

"रडू दे," म्हणून मी सुई उचलली आणि पुढं नेऊन ठेवली. प्रत्येक वेळी मी तेच करायचो.

पुढच्या साली दादासो पंचायत समितीला निवडून आला. संध्याकाळच्या आत त्याचा माणूस शेडवर हजर. उद्या मिरवणूक, बँड तुमचाच. त्यानं विचारलं नाही, सांगितलं. तो गेल्यावर मी मास्तरला म्हणालो, "न्हाय म्हन."

"न्हाय म्हनलो, तर या पट्ट्यात आपल्याला परत कोन बोलवंल?" मास्तरनं क्लॅरोनेट पुसायला घेतलं. मग म्हणाला, "वाजवायचं तर हायच. पर काय वाजवायचं, ते त्यानं सांगितलं न्हाय."

मला लगेच कळलं. पाचवीचा शेवट. चष्मेवाल्यानं स्टॅलिनला जे ऐकवलं ते आपण दादासोला ऐकवायचं, सगळ्या गावादेखत, त्याच्या तोंडावर. मला इतका आनंद झाला की रात्रभर बाकीच्यांना जागं ठेवायचीही माझी तयारी होती. ट्रम्पेट आता मास्तरचा भाऊ मुबीन वाजवायचा. त्याला मी ती चाल गाऊन शिकवली. खोट्या दातांतून शीळ सुटायची, मुबीन हसायचा, मीही हसायचो. मार बसल्यापासून मी असा हसलो नव्हतो. दादासोचा चेहरा कसा पडेल, ते मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बघत होतो.

मिरवणूक आमच्या घरावरून जाणार होती. मी ओट्यावर बसलो. सिंधू दारात उभी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दादासो, गळ्यात हार, पुढं गुलालानं लाल झालेली पोरं. आमच्या दारासमोर आल्यावर मास्तरनं हात वर केला आणि पाचवीचा शेवट सुरू झाला. मुबीननं सूर नीट धरला. ढोलाचा दणका माझ्या छातीत बसत होता. मी फक्त दादासोकडं बघत होतो.

दादासोला ती चाल फार आवडली.

"वा मास्तर," तो ट्रॉलीतून ओरडला, "काय झकास हाय. हीच चालू द्या." पोरं नाचायला लागली. एकाच्याही कपाळाला आठी नव्हती. मास्तरनं ती पुन्हा पहिल्यापासून घेतली, दुसरं करणार काय?

मग दादासो ट्रॉलीतून उतरला. मुठीत गुलाल घेऊन सरळ माझ्या ओट्याकडं आला. त्याच्या मागं ती माणसं होती, ज्यांनी मला मारलं होतं.

"बिरू, झालं गेलं इसरून जा. तू बी आमचाच की." त्यानं माझ्या दोन्ही गालांना गुलाल फासला. बोटं ओठांपर्यंत आली. "हस की गड्या. आज आनंदाचा दिस हाय."

मागं बँड तोच एक सूर ठोकत होता. मी सिंधूकडं बघितलं नाही. मी हसलो. चांगले खोटे दात दिसतील असा हसलो. दादासोनं माझी पाठ थोपटली आणि तो ट्रॉलीत जाऊन बसला. मास्तरनं सगळं पाहिलं होतं. क्लॅरोनेट त्याच्या तोंडात होतं, डोळे भरले होते, पण तो थांबला नाही. त्याला थांबता आलं नसतं.

ती चाल आम्ही दादासोला सुनावायला निघालो होतो. दादासोचा तिच्याशी काही संबंधच नव्हता. ती माझी होती. मानगूट माझी होती, हसणंही माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडवर गेलो. कानात अजून गुलाल होता. मास्तर एकटाच बसला होता.

"चुकलं माजं, बिरू. थांबवाय पायजे हुतं."

"थांबवून काय करनार हुतास? त्या चष्मेवाल्याला तरी कुठं थांबता आलं." माझा आवाज मलाच परका वाटला. "पाचवी लाव."

"ती? आज?"

"शेवट नको. तिसरा लाव. पितळ गप हाय त्यो."

त्यानं सुई ठेवली. व्हायोलिनं सुरू झाली. ऐकता ऐकता मी खोटे दात काढून रुमालात ठेवले. ट्रम्पेटवाले तिथं कुठंतरी मागं बसलेले असणार, हात मांडीवर, ओठ मिटलेले, आणि त्यांच्याकडं कुणी काही मागत नसणार. त्यांना हसा म्हणायलाही कुणी येत नसणार. मी रडायला लागलो. मोठ्यानं, दात नसलेल्या तोंडानं. मास्तरनं माझ्याकडं बघितलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

तुकडा संपला. पुढचा दणका सुरू व्हायच्या आत मास्तरनंच हात पुढं केला आणि सुई उचलली.