मालिकेतल्या पोरीला शाबासकी

संध्याकाळचे सात वाजले की सौंसरचे रघुनाथराव हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसत. बागेत संत्र्याची तोडणी चालू असली तरी यात खंड पडत नसे. त्या शनिवारी त्यांची लेक करुणाही तिथे होती. जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन ती माहेरी मुक्कामाला आली होती आणि बाजूला बसून आंबाडीची भाजी निवडत होती.

मालिकेतल्या नवरीने भर मांडवात लग्नाला नकार दिला. मला अजून शिकायचं आहे, असं तिने साऱ्या वऱ्हाडासमोर सांगितलं. रघुनाथराव खूश झाले.

"पोट्टी हिंमतीची आहे," ते म्हणाले. "असंच पाह्यजे."

करुणाचा हात भाजीतच थांबला. तीस वर्षांपूर्वी, दहावीत असताना, ती दोन मैत्रिणींसोबत टॉकीजमध्ये एक सिनेमा पाहून आली होती. त्यातली नायिका आपल्या मनाने लग्न करते, एवढं मात्र गावभर माहीत होतं. याच बापाने तिला दारातच दोन थपडा मारल्या, शाळा बंद केली आणि तीन महिन्यांत बोरगावला तिचं लग्न लावून दिलं. सोळा वर्षांची होती ती, गणितात वर्गात पहिली येणारी. सासरचे लोक वाईट नव्हते, पण दहावीची परीक्षा राहिली ती राहिलीच. आता पडद्यावरच्या त्या रंग लावलेल्या पोरीचा तिला हेवा वाटला. त्याहून जास्त हेवा वाटला तो आजोबांच्या खुर्चीला टेकून बसलेल्या मानसीचा.

मानसी ही करुणाच्या भावाची, सुधाकरची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली. रात्रीच्या पोळ्या लाटताना तिने आत्याला मनातलं सांगितलं. आठवड्याने, पुढच्या रविवारी, पांढुर्ण्याहून पाहुणे तिला पाहायला येणार होते आणि त्याच दिवशी छिंदवाड्याला तिची सरकारी भरतीची परीक्षा होती. फॉर्म तिने घरी न विचारता भरला होता. सकाळच्या पहिल्या बसने ती निघून जाणार होती. आत्या हे पोटात ठेवेल, याबद्दल तिला शंका नव्हती.

करुणाने दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते वडिलांना सांगून टाकलं. पोरीच्या काळजीपोटी सांगते आहे, असं तिने स्वतःला पटवलं. पण सांगताना जिभेला जी गोडी आली, ती काळजीची नव्हती.

रघुनाथराव भडकले नाहीत. त्यांनी मानसीचं अ‍ॅडमिट कार्ड आणि आधार कार्ड मागून घेतलं आणि कपाटात बंद केलं. कालच तुम्ही त्या मुलीला शाबासकी दिली, असं मानसी म्हणाली, तेव्हा ते शांतपणे बोलले.

"ते मालिका आहे, बाई. आपल्या घरात तसं नाई चालत. तुह्या आत्यानं कधी उलट शब्द काढला काय? पाह्य, कसा सोन्यासारखा संसार करून राहिली."

मानसीने आत्याकडे एकदा पाहिलं. मग आत जाऊन ती आपली पुस्तकं पोत्यात भरू लागली. सुधाकर मान खाली घालून बसून होता.

बोरगावला परतल्यावर करुणाला आठवडाभर घास गोड लागला नाही. आपण तीस वर्षं गप्प बसलो, आणि आता तेच गप्प बसणं भाचीला बांधून ठेवायच्या कामी येत होतं. शनिवारी दुपारी ती पुन्हा माहेरी आली. चहाही न घेता तिने वडिलांकडे कपाटाची किल्ली मागितली.

"मानसीले उद्या मी घेऊन जातो छिंदवाड्याले. पाहुण्यायले तुम्ही सांगा, नाई तं मी सांगतो."

रघुनाथरावांनी घराण्याच्या नावाची गोष्ट काढली. चार लोकांत शोभा होईल म्हणाले. करुणाने ते सगळं ऐकून घेतलं.

"मी उलट शब्द नाई काढला, कारण मले भेव वाटत होतं, बाबा. त्याले सोनं म्हणू नका. आन् हिची गोष्ट तुमच्यापाशी मी जळून सांगतली. मले नाई भेटलं तं हिलेही भेटू नये, असं वाटलं मले."

मानसी दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

रघुनाथरावांनी किल्ली दिली नाही. पण सुधाकर उठला, बापाच्या उशीखालून त्याने ती काढली आणि कपाट उघडलं. पन्नास वर्षांच्या त्या माणसाने बापादेखत दोन्ही कार्डं मुलीच्या हातात ठेवली.

रविवारी बसमध्ये मानसी आत्याशी बोलली नाही. खिडकीशी बसून पुस्तक वाचत राहिली. करुणाने माफीची अपेक्षाही केली नाही. परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं आणि ती बाहेर इतर आईबापांसोबत बसून राहिली. आत शेकडो मुली बाकांवर बसल्या असतील, या विचाराने तिच्या छातीत पुन्हा तीच जळजळ उठली. भाचीला इथवर आणलं म्हणून हेवा काही गेला नव्हता. फक्त तो कोणाचं वाईट करायला निघाला नव्हता.

करुणा उठली. मग पदर सावरून फाटकावरच्या शिपायाकडे गेली.

"भाऊ, मले एक सांगा," ती म्हणाली. "शेहेचाळीस वर्षांच्या बाईले दहावीचा फॉर्म भरता येते काय?"